शोभिवंत वृक्षांची छाटणी

शोभिवंत वृक्षांची छाटणी : फुलांच्या शोभेसाठी घराभोवतालच्या बागेत लावलेल्या वृक्षांच्या फांद्या, डहाळ्या किंवा शेंडे हेतुपूर्वक निवडून कापण्याच्या क्रियेस छाटणी म्हणतात. रोपटे लहान असल्यापासून अशा छाटणीने त्याच्या खोडाची व प्रमुख फांद्यांची मांडणी ठरविण्यास ‘वळण देणे’ अशी संज्ञा आहे. फळझाडांच्या छाटणीत उत्पन्न हा मुख्य हेतू असतो. शोभिवंत वृक्षांच्या बाबतीत बहर, स्वाभाविक आकार, झाडाचे दीर्घायुष्य आणि त्याखाली वावरणाऱ्यांची सुरक्षितता हे हेतू असतात.

रानात झाडांच्या दाटीमुळे खालच्या फांद्यांना प्रकाश मिळत नाही व त्या लहानपणीच वाळून गळतात. त्यामुळे खोड सरळ वाढते. अंगणात एकट्या वाढणाऱ्या झाडाला सर्व बाजूंनी प्रकाश मिळत असल्याने जमिनीलगतपासून फांद्या फुटतात, दोन-तीन खोडे सारख्याच जोमाने वाढतात व पुढे एकमेकांना रेटू लागतात. रानात प्रकाशाच्या स्पर्धेने जे काम आपोआप होते, ते अंगणात माणसाला करावे लागते. परंतु प्रत्येक काप ही झाडाला केलेली जखम असते. ही जखम कोठे, केव्हा व केवढी करावी याचे ज्ञान म्हणजेच छाटणीचे शास्त्र होय.

इतिहास : झाडाच्या जखमेवर उपचार करण्याची कल्पना भारतात जुनी आहे. वराहमिहिराच्या बृहत्संहितेतील (सहावे शतक) वृक्षायुर्वेदाच्या अध्यायात रोगट झाडाचा बिघडलेला भाग प्रथम शस्त्राने साफ करून त्यावर वावडिंग, तूप व चिखल यांचा लेप द्यावा आणि दूधमिश्रित पाणी घालावे असे सांगितले आहे. अर्वाचीन काळातही फांदी खोडाला अगदी घासून कापावी आणि जखमेला डांबर किंवा रंग लावावा, असा उपदेश विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत बागकामाच्या पुस्तकांतून केला जात असे. अमेरिकेच्या वनखात्यातील वनस्पतिरोगवैज्ञानिक अ‍ॅलेक्स शिगो (१९३०–२००६) यांनी हजारो झाडांची खोडे उभी चिरून आतील कूज कशी पसरते याचा अभ्यास केला. त्यावरून घासून केलेला काप झाडाला अपायकारक असतो व लेपांनी कूज थांबत नाही, असे दिसून आले. एच. जी. मार्क्स यांच्यासह त्यांनी १९७७ मध्ये या विषयावर प्रसिद्ध केलेल्या पुस्तिकेनंतर छाटणीच्या पद्धतीत मूलगामी बदल झाला.

छाटणीला झाडाचा प्रतिसाद : प्राण्यांच्या शरीरातील जखम नव्या पेशींनी भरून येते आणि बिघडलेल्या पेशींची जागा नव्या पेशी घेतात. झाडात असे घडत नाही. एकदा इजा झालेले लाकूड पूर्ववत होत नाही. झाड ते उरलेल्या भागापासून अलग करते व त्यावर नवे लाकूड चढविते. म्हणून झाडाची जखम भरत नाही, ती बंद होते, असे म्हणणे अधिक यथार्थ आहे. इजा झाल्यावर लाकडात चार अडसर निर्माण होतात. पहिला अडसर पाणी वाहणाऱ्या नलिका बुजवून कूज वरखाली पसरण्यास विरोध करतो व तो सर्वांत दुबळा असतो. दुसरा वार्षिक वलयांच्या साहाय्याने आतल्या बाजूचा व तिसरा अरीय ऊतकांच्या (गाभ्यापासून सालीकडे जाणाऱ्या पेशीसमूहांच्या) साहाय्याने आडवा प्रसार रोखतो. चौथा अडसर जखमेनंतर ऊतककर (सालीखालील वाढता थर) तयार करतो. तो सर्वांत बळकट असून जखमेच्या वेळी असलेले लाकूड आणि त्यानंतर तयार होणारे लाकूड यांना अलग ठेवतो. यामुळे झाड आतून पोकळ झाले तरी बाहेरून हिरवेगार राहू शकते. मोठ्या जखमांच्या झाडाचा धोका अनेक वर्षे लक्षात न येण्याचे कारण हेच आहे.

फांदी जेथे खोडाला मिळते तेथे तिच्या बुडाशी थोडासा फुगवटा असतो आणि वरच्या बेचक्यात सालीची खरबरीत वळी उठलेली दिसते. हा फुगवटा खोडाच्या ऊतकांचा असून त्यातच कुजीला विरोध करणारा नैसर्गिक पट्टा असतो. फांदी या फुगवट्याच्या लगेच बाहेर कापली, तर हा पट्टा शाबूत राहतो आणि जखमेभोवती सर्व बाजूंनी सारखे कडे वाढून ती बंद होते. खोडाला घासून काप घेतल्यास पट्टा नष्ट होतो व कूज थेट खोडात शिरते. याउलट फांदीचा खुंट राखल्यास तो वाळतो. त्यावर नवे लाकूड चढू शकत नाही आणि त्या वाटेने कवके व वाळवी आत जातात.

छाटणीचा दुसरा परिणाम डोळ्यांवर (वाढीच्या कळ्यांवर) होतो. वाढत्या शेंड्यात तयार होणारे ऑक्सिन हे हॉर्मोन खाली वाहत जाते आणि त्यामुळे पानांच्या बगलेतील डोळे सुप्त राहतात. यास शेंड्याचे प्राबल्य म्हणतात. के. व्ही. थिमन व फोल्के स्कूग यांनी १९३३-३४ मध्ये घेवडावर्गीय रोपांवरील प्रयोगांनी ऑक्सिनाचे हे कार्य दाखवून दिले. यात स्ट्रिगोलॅक्टोने या हॉर्मोनांचाही भाग असतो, हे २००८ मध्ये स्पष्ट झाले. शेंडा खुडताच कापाखालचे दोन-तीन डोळे फुटतात. म्हणून फांदीचे टोक कापले की झाड दाट होते आणि फांदी मुळातून काढली की झाड विरळ होते. छाटणीच्या सर्व प्रकारांचा उगम या दोन क्रियांत आहे.

तिसरा परिणाम अन्नसाठ्यावर होतो. पाने ही झाडाचे अन्न तयार करणारी इंद्रिये असून तयार झालेला स्टार्च खोड, फांद्या व मुळे यांत साठविला जातो. एकाच वेळी पुष्कळ पाने व फांद्या काढल्यास झाडाचे उत्पन्न आणि ठेव दोन्ही घटतात. यासाठी निरोगी, तरुण झाडाच्याही पर्णसंभाराचा एक चतुर्थांशाहून अधिक भाग एका वर्षात काढू नये. जुन्या झाडांत हे प्रमाण बरेच कमी ठेवावे.

अवजारे : सु. २ सेंमी. जाडीपर्यंतच्या डहाळ्यांसाठी सिकेटर (छाटणीची कात्री), त्याहून थोड्या जाड फांद्यांसाठी लांब दांड्याची कात्री आणि बाकी सर्व फांद्यांसाठी वक्र पात्याची करवत वापरतात. ज्याची दोन पाती एकमेकांना घासून जातात असे सिकेटर जिवंत फांदीसाठी योग्य असते. एक पाते चपट्या पट्टीवर आपटणाऱ्या प्रकाराने डहाळी चेंगरते. कोयता व कुऱ्हाड ही अवजारे सर्वत्र सहज मिळत असली, तरी त्यांच्या घावाने लाकूड चिरफाळते व साल सोलली जाते. म्हणून ती छाटणीसाठी वापरू नयेत. रोगट फांदी कापल्यावर दुसऱ्या झाडाकडे जाण्यापूर्वी पाते स्पिरिटने पुसावे.

काप घेण्याची रीत : डहाळीचे टोक कापताना बाहेरच्या दिशेला तोंड असलेला डोळा निवडून त्याच्या सु. अर्धा सेंमी. वर किंचित तिरपा काप घेतात. त्यामुळे नवी फांदी झाडाच्या गाभ्यात न शिरता बाहेर वाढते. लांब फांदी आखूड करावयाची असल्यास ती मध्येच न तोडता तिला फुटलेल्या उपफांदीपर्यंत कापावी. अशी उपफांदी कापलेल्या फांदीच्या निदान एक तृतीयांश जाडीची असावी, म्हणजे ती शेंड्याचे काम स्वीकारू शकते.

जड फांदी एकाच कापात काढल्यास ती स्वतःच्या वजनाने खाली येते व खोडाची साल लांबवर फाटते. हे टाळण्यासाठी तीन काप घेतात. पहिला काप खोडापासून सु. ३० सेंमी. अंतरावर फांदीच्या खालच्या बाजूने एक तृतीयांश जाडीपर्यंत. दुसरा त्याच्या थोडा बाहेर वरच्या बाजूने, ज्यामुळे फांदी तुटून पडते. आणि तिसरा काप उरलेला खुंट हाताने आधार देऊन फुगवट्याच्या लगेच बाहेर. अशा जखमेला लेपाची आवश्यकता नसते. महाराष्ट्रातील फळबागांत मोरचूद, चुना व पाणी यांपासून केलेला बोर्डो मलम कापांवर लावण्याची प्रथा आहे. तो पृष्ठभागावरील काही कवकांना आवर घालतो. मात्र चुकीच्या जागी घेतलेल्या कापामुळे आत शिरणारी कूज त्याने टळत नाही.

वळण देणे : रोप लावताना मोडक्या डहाळ्यांखेरीज काहीही कापू नये, मुळे रुजण्यासाठी त्याला सर्व पानांची गरज असते. दुसऱ्या वर्षापासून पुढील क्रम ठेवतात : (१) सर्वांत सरळ व जोमदार शेंडा मुख्य खोड म्हणून राखून त्याच्याशी स्पर्धा करणारे शेंडे आखूड करणे, (२) खोडाभोवती निरनिराळ्या दिशांना आणि एकमेकींपासून ३० ते ४५ सेंमी. अंतरावर असलेल्या फांद्या कायमच्या म्हणून निवडणे. (३) खोडाच्या निम्म्याहून कमी जाडीच्या व त्याच्याशी रुंद कोन करणाऱ्या फांद्यांना पसंती देणे. (४) अरुंद बेचक्यात साल आत दबलेली असल्यास त्या दोहोंपैकी एक फांदी वेळीच काढणे, कारण असा सांधा वाऱ्याने उभा फाटतो. (५) खालच्या फांद्या एकदम न काढता तीन-चार वर्षे आखूड करून ठेवणे. या फांद्यांच्या पानांनी खोडाचे पोषण होते, त्यावर सावली राहते आणि ते बुडाशी जाड होऊन वारा सोसण्यास समर्थ बनते. सर्व फांद्या काढून वर केवळ झुपका राखलेले उंच रोप दिसण्यास नीटस असले, तरी काठीच्या आधारावाचून उभे राहत नाही.

दोन सेंमी. जाडीची फांदी काढल्याने झालेली जखम एक-दोन हंगामांत बंद होते. तीच फांदी पंधरा वर्षांनी काढल्यास जखम कित्येक वर्षे उघडी राहते. पहिल्या पाच-सहा वर्षांत दरवर्षी थोडी छाटणी केल्यास पुढे करवतीचे काम क्वचितच पडते.

हंगाम : काल ठरविताना झाड कोणत्या लाकडावर फुलते हे प्रथम पाहावे लागते. काही झाडे त्याच वर्षीच्या नव्या फुटीवर फुलतात. त्यांची छाटणी फुटीपूर्वी करतात. काही झाडे गेल्या हंगामातील फांद्यांवर फुलतात. त्यांची छाटणी बहर ओसरताच करतात. हा भेद न पाळल्यास झाड निरोगी असूनही एक वर्ष फुलावाचून जाते आणि त्याचा दोष बहुधा खताला किंवा पाण्याला दिला जातो.

महाराष्ट्रात बहुतेक पानझडी शोभिवंत झाडांसाठी जानेवारीचा उत्तरार्ध व फेब्रुवारी हा काल सोयीचा आहे. त्या वेळी हवा कोरडी असते, सांगाडा स्पष्ट दिसतो व लवकरच येणाऱ्या फुटीमुळे जखम बंद होण्यास आरंभ होतो. एप्रिल-मे महिन्यांत जास्त छाटणी केल्यास आजवर सावलीत असलेली साल उन्हाने भाजते व तडकते. पावसाळ्यात कवकांचे बीजाणू सर्वत्र असल्याने हिरवे काप टाळावेत. वाळलेल्या व मोडक्या फांद्या मात्र केव्हाही, विशेषतः पावसाळ्यापूर्वी काढाव्यात. त्यापूर्वी पक्ष्यांची घरटी नाहीत याची खात्री करावी.

प्रमुख वृक्षांची छाटणी : (१) तामण (लॅजरस्ट्रोमिया स्पेसिओझा) : महाराष्ट्राचे राज्यपुष्प असलेल्या या वृक्षाची पाने हिवाळ्यात तांबूस होऊन गळतात व एप्रिल ते जूनमध्ये नव्या फुटीच्या टोकांवर जांभळ्या फुलांचे मोठे तुरे येतात. छाटणी पानगळीनंतर, फूट येण्यापूर्वी करतात. मार्चअखेर किंवा एप्रिलमध्ये फूट कापल्यास त्या वर्षीचे तुरे नाहीसे होतात. या झाडाला बुंध्यापासून अनेक फांद्या फुटण्याची सवय असल्याने एक खोड हवे असल्यास लहानपणीच वळण द्यावे लागते. लहान आवारात तीन-चार खोडांचे झुडुपवजा झाडही शोभते. मात्र तशी खोडे बुडाशी एकमेकांपासून दूर असावीत. वाळलेली बोंडे काढल्याने झाड नीटनेटके दिसते. बहरासाठी ते अनिवार्य नाही.

याच वंशातील चिनी जाती (लॅजरस्ट्रोमिया इंडिका) लहान असून उन्हाळ्यात व पावसाळ्यात नव्या फुटीवर फुलते. अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत तिच्या जाड फांद्या दर हिवाळ्यात एकाच उंचीवर तोडण्याची रीत पसरलेली असून तीवर तेथील उद्यानतज्ञांनी सातत्याने टीका केली आहे. अशा तोडीनंतर येणारे तुरे मोठे असतात. पण त्यांना धरणाऱ्या लवचिक फुटी पावसाने वाकतात, खोडावर गाठी होतात आणि तिच्या गुळगुळीत, चट्टेरी सालीचे सौंदर्य नष्ट होते.

(२) चाफा (प्लुमेरियाच्या जाती) : खुरचाफा या नावानेही ओळखल्या जाणाऱ्या या झाडाचे मूलस्थान उष्ण कटिबंधीय अमेरिका आहे. याचा फुलोरा फांदीच्या टोकावर येतो. त्याबरोबर त्या फांदीची लांबी वाढणे थांबते व फुलोऱ्याखाली दोन-तीन नव्या फांद्या फुटतात. झाडाचा छत्रीसारखा आकार या दुभागणीमुळे आपोआप होतो व त्याला छाटणीची गरज फारशी भासत नाही. टोके कापल्यास नव्या फांद्या वाढून पक्व होईपर्यंत त्या ठिकाणी फुले येत नाहीत. म्हणून सर्व फांद्या एका वर्षी न कापता, गर्दी करणाऱ्या थोड्या फांद्या निष्पर्ण अवस्थेत, हिवाळ्याच्या अखेरीस दुभागणीपर्यंत काढतात. लाकूड मऊ व पाणीदार असल्याने पावसाळ्यातील काप कुजतात. चीक त्वचेस व डोळ्यांस दाहक आहे. कापलेल्या फांद्या आठ-दहा दिवस सावलीत सुकवून लावल्यास त्यांपासून नवी झाडे होतात.

(३) कांचन (बौहिनिया व्हॅरिगेटा) : हे झाड फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये बहुधा निष्पर्ण असताना गेल्या हंगामातील फांद्यांवर फुलते. तामणाप्रमाणे याची छाटणी जानेवारीत केल्यास बहरच कापला जातो. शेंगा धरण्यापूर्वी, बहर ओसरताच हलकी छाटणी करावी.

(४) पारिजातक (निक्टँथेस आर्बर-ट्रिस्टिस) : पावसाळ्याच्या उत्तरार्धापासून हिवाळ्याच्या आरंभापर्यंत नव्या डहाळ्यांच्या टोकांजवळ फुलतो. हिवाळ्याच्या अखेरीस बरीच छाटणी केली तरी सोसतो. ती न केल्यास फांद्या वेड्यावाकड्या लांबून फुले केवळ टोकांनाच येतात.

(५) सोनचाफा (मॅग्नोलिया चंपका, पूर्वीचे नाव मायकेलिया चंपका) : हा मुळात उंच वाढणारा वृक्ष आहे. लहान असताना शेंडा खुडून त्याला बाजूच्या फांद्या फुटू देतात. वाढलेल्या झाडाचा शेंडा तोडून त्याला बुटके करण्याचा प्रयत्न बहुधा अपायकारक ठरतो.

(६) बॉटलब्रश (कॅलिस्टेमॉन) : याची डहाळी फुलोऱ्याच्या पुढेही वाढत राहते. बहर संपताच सुकलेल्या फुलोऱ्याच्या मागे कापल्यास झाड दाट होते. पाने नसलेल्या जुन्या लाकडापर्यंत कापल्यास फूट येईलच असे नाही.

(७) बहावा, बकुळ व गुलमोहर : बहावा व बकुळ यांना लहानपणीच्या वळणानंतर वाळक्या फांद्या काढण्यापलीकडे क्वचितच काही लागते. बकुळीचा डेरा तर मुळातच रेखीव असतो. गुलमोहराचे लाकूड ठिसूळ, मुळे उथळ व विस्तार आडवा असल्याने तो लहान अंगणास योग्य नाही. आधीच लावलेला असल्यास लांब आडव्या फांद्यांचे वजन उपफांद्यांपर्यंत कापून थोडेथोडे कमी करावे. जागेच्या मानाने मोठे होणारे झाड लावून ते छाटणीने लहान ठेवणे दीर्घकाळ शक्य नसते, याचे हे उदाहरण होय.

शेंडे तोडणे व त्याचे परिणाम : झाड फार उंच झाले, वाऱ्याने पडेल किंवा पाचोळा फार होतो, या समजुतीने सर्व जाड फांद्या मध्येच तोडून केवळ खुंट उभे ठेवण्याची प्रथा शहरांत सर्रास आढळते. तोडीनंतर काही आठवड्यांत खुंटांवर दाट फूट येते, त्यामुळे झाडाला नवा जोम आला असे भासते. वस्तुतः ही फूट साठविलेल्या अन्नावर झालेली असते. नेहमीच्या फांदीचे बूड वर्षानुवर्षांच्या वलयांनी खोडात गुंतलेले असते. या फुटी केवळ बाहेरच्या थराला चिकटलेल्या असतात. काही वर्षांत त्या पूर्वीच्याच उंचीला पोहोचतात. दरम्यान खालचा खुंट कुजत गेल्याने जाड झालेल्या फांद्या पावसाळी वाऱ्यात निखळून पडतात. अशा रीतीने धोका टाळण्यासाठी केलेली तोड काही वर्षांनी अधिक मोठा धोका निर्माण करते. यूरोपात प्रचलित असलेली, झाड लहान असल्यापासून ठराविक गाठींपर्यंत नियमाने छाटण्याची पद्धत याहून भिन्न आहे. तीत कोवळ्या फुटी काढल्या जातात व गाठीला कधीही इजा केली जात नाही.

पूर्वी असे तोडलेले झाड काही अंशी सावरता येते. त्यासाठी प्रत्येक खुंटावरील योग्य दिशेची व बळकट अशी एक ते तीन फुटी राखून बाकीच्या तीन-चार वर्षांत क्रमाने काढतात आणि राखलेल्या फुटी फार लांबू देत नाहीत. बुंध्याशी छत्रीसारखी कवके उगवली असल्यास, खोडात खोल भेग पडली असल्यास किंवा झाड नव्याने कलू लागले असल्यास छाटणीवर विसंबून न राहता जाणकाराकडून तपासणी करून घ्यावी.

सुरक्षितता व कायदा : जमिनीवर उभे राहून हाताला येतील एवढ्याच फांद्या घरच्या माणसाने छाटाव्यात. शिडीवर उभे राहून करवत चालविणे धोक्याचे असते. विजेच्या तारांजवळील फांद्यांसाठी वीज कंपनीस कळवावे. महाराष्ट्रातील नागरी क्षेत्रांना झाडांचे संरक्षण व जतन करण्याविषयीचा १९७५ चा अधिनियम लागू आहे. त्यातील वृक्ष तोडण्याच्या व्याख्येत झाड जाळणे, कापणे किंवा त्यास कोणत्याही प्रकारे इजा करणे यांचाही समावेश होतो. त्यामुळे खाजगी आवारातील झाडाच्याही मोठ्या फांद्या कापण्यापूर्वी स्थानिक वृक्ष प्राधिकरणाची परवानगी घ्यावी. २०२१ च्या सुधारणेने पन्नास वर्षे व त्याहून अधिक वयाच्या झाडांना विशेष संरक्षण दिलेले आहे.

पहा : चाफा, तामण, बागकाम, वृक्षसंवर्धन.